न विचारता घेतलेला होकार

(मूल येथे बचत गटांच्या आणि महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेलं हे भाषण. छापताना थोडं आवरतं घेतलं आहे, बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)

आजच्या शिबिरात माझ्या वाट्याला संगणकाचा विषय आहे असं जाहीर झालं, तेव्हा मागच्या रांगेतून एक मावशी म्हणाल्या, "हे आमच्या कामाचं नाही जी, ताई." म्हणून मी सुरुवात संगणकापासून करत नाही, खतापासून करते.

धानाची रोवणी झाली की युरियासाठी कृषी केंद्रासमोर रांग लागते. दुकानदार म्हणतो, युरियाची बॅग पाहिजे तर सोबत ही औषधाची बाटलीही घ्यावी लागेल. याला आपण सगळे 'लिंकिंग' म्हणतो. असं करू नका असं सरकार दुकानदारांना बजावतं, तरी तक्रारी येत राहतात. पण तिथं निदान बाटली आपल्याला दिसते. आपण भांडतो, नाहीतर तोंडातल्या तोंडात शिव्या देत पैसे मोजतो. आता समजा, दुकानदारानं ती बाटली न सांगताच बॅगेत टाकली. घरी आल्यावर ती सापडली, पण बाहेर काढता येईना. आणि वर ती बाटली आपल्या घरातलं बोलणं ऐकून दुकानदाराला कळवू लागली. तर?

संगणकावर हे रोज घडतं. आपण एक वस्तू मागतो आणि तिच्या पोटातून दुसरीच घरात शिरते. आपण तिला बोलावलेलं नसतं. पण जाब विचारला तर उत्तर तयार असतं, "तुम्हीच तर हो म्हणालात." आज मला बोलायचं आहे ते या 'हो'बद्दल.

आधी दोन शब्द समजून घेऊ. ज्या खिडकीतून आपण इंटरनेट पाहतो तिला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज हे ब्राउझर. या खिडकीला बाहेरून एखादी छोटी जोड लावता येते. तिला प्लग-इन किंवा एक्स्टेन्शन म्हणतात. सगळ्या जोडी वाईट नसतात. कुणी जाहिराती अडवते, कुणी मराठी टाइप करायला मदत करते. पण जोड खिडकीतच बसलेली असते, त्यामुळे खिडकीतून जे दिसतं ते तिलाही दिसू शकतं. पुष्कळ जोडी बसताना जी परवानगी मागतात तिचा अर्थ सरळ असा असतो: तुम्ही उघडाल त्या सगळ्या संकेतस्थळांवरची तुमची माहिती वाचणं आणि बदलणं. वाचणं, आणि बदलणंसुद्धा. अशी जोड विचारून आली तरी दहा वेळा विचार करावा लागेल. न विचारता आली तर काय म्हणायचं?

आमच्या सल्ला केंद्रातलीच गोष्ट सांगते. आमच्याकडे एकच संगणक. त्यावर गटांचे हिशेब होतात, अनुदानाचे अर्ज होतात. आणि छळ सोसून आलेल्या बायांचे कागदही त्यावरच होतात. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाणारे अर्ज, त्यांना जोडायचे जबाब, सगळं तिथं टाइप होतं आणि तिथूनच ई-मेलनं जातं. बाईचं नाव, गाव, ती सध्या कुणाकडे राहते, मुलं कुठल्या शाळेत आहेत, हे सारं त्या खिडकीतून जातं.

आमचे जुने अहवाल कृतिदेव अक्षरांत होते. नवा अर्ज युनिकोडमध्ये हवा होता. टाइपिंग करणाऱ्या आमच्या कार्यकर्तीनं अक्षरं बदलून देणारं फुकटचं सॉफ्टवेअर शोधलं. सगळ्यात वर जे आलं ती जाहिरात होती. तिथं मोठं हिरवं बटण होतं. तिनं दाबलं. मग 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेली. खाली बारीक इंग्रजीत तीन चौकटी होत्या आणि तिन्हींत बरोबरची खूण आधीच केलेली होती. तिनं खूण केली नाही. तिनं फक्त काढली नाही.

दोन दिवसांनी शोधायचं पान बदललं. सरकारी संकेतस्थळावरही कर्जाच्या जाहिराती दिसू लागल्या. ब्राउझरमध्ये जाऊन पाहिलं तर एक अनोळखी जोड बसलेली. काढायला गेलो तर काढायचं बटणच नाही. खाली लिहिलेलं, ही जोड तुमच्या संस्थेनं बसवली आहे. आम्ही एकमेकींकडे पाहतच राहिलो. आमची संस्था म्हणजे आम्ही सात बाया. आम्ही असा ठराव कधी केला?

नंतर समजलं की मोठ्या कंपन्यांना आपल्या शेकडो संगणकांवर एकदम जोड बसवता यावी म्हणून ब्राउझरमध्ये एक सोय असते. तिला पॉलिसी म्हणतात. घुसखोर सॉफ्टवेअर तीच सोय वापरून मालकाच्या नावानं सही ठोकतं. सही आमची, हात दुसऱ्याचा. आपल्या नावावरचं शेत परस्पर विकलं जातं तेव्हा कागदावर अंगठा आपलाच असतो, तसं हे.

यात मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. ती कार्यकर्ती रडकुंडीला येऊन म्हणत होती, "ताई, मी तं कायलेच हात नाही लावला." आणि आम्ही सगळ्या तिलाच विचारत होतो, "तू काय दाबलंस?" मीही तेच विचारलं. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, संमती या विषयावर शिबिरं घेणारी मी, ज्यानं न विचारता घरात पाऊल टाकलं त्याला सोडून, जिच्या घरात पाऊल पडलं तिला जाब विचारत होते. हा प्रश्न आपण कुठं ऐकला आहे? पोलीस ठाण्यात ऐकला आहे. पंचांसमोर ऐकला आहे. "तू तिथं गेलीसच कशाला? तू ओरडली का नाहीस?"

मैत्रिणींनो, हे शिबिर आपण ज्या भूमीत घेतो आहोत तिथंच हा प्रश्न देशभर गाजला. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयानं शिक्षा दिली आणि सांगितलं की भीतीनं निमूट शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, असं कारण पुढं आलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीत तर कायद्यानं स्पष्टच लिहिलं की संमती म्हणजे निःसंदिग्ध आणि स्वेच्छेनं दिलेली संमती, आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही.

त्या मुलीच्या यातनेची आणि संगणकातल्या चौकटीची मी बरोबरी करत नाही. तशी बरोबरी करणं हा तिचा अपमान होईल. मी एवढंच म्हणते की 'गप्प राहिली म्हणजे हो म्हणाली' हा हिशेब खोटा आहे, हे आपल्या चळवळीनं फार मोठी किंमत मोजून देशाला शिकवलं. तो हिशेब पुन्हा कुठंही मांडला जात असेल, सावकाराच्या वहीत, ग्रामसभेच्या ठरावात किंवा संगणकाच्या पडद्यावर, तर तो ओळखायची नजर आपल्याकडे सगळ्यांच्या आधी असायला हवी.

दारूबंदीच्या मतदानाला आपण रांगा लावल्या आहेत. उभी बाटली, आडवी बाटली. न शिकलेल्या आजीनंही शिक्का आपल्या हातानं मारला. त्या दिवशी मतपत्रिकेवर उभ्या बाटलीवर शिक्का आधीच मारून ठेवला असता आणि सांगितलं असतं, "नको असेल तर खोडून टाका, नाही खोडलं तर तुमचं मत दारूला", तर आपण ती पेटी तिथंच उलटवली असती. खूण आधीच केलेली चौकट ही अशी मतपत्रिका आहे.

हे कोण करतं? गल्लीबोळातले भामटेच करतात असं नाही. २००९ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्ट कंपनीनं आपल्या एका अद्ययावतीबरोबर लोकांच्या फायरफॉक्स ब्राउझरमध्ये स्वतःची जोड न विचारता बसवली. काढून टाकायचं बटणही दाबलं जात नव्हतं. ओरड झाल्यावर काही महिन्यांनी ते बटण चालू झालं. जावा नावाचं सॉफ्टवेअर लाखो संगणकांवर लागत असे. ते घेताना 'आस्क' नावाच्या पट्टीची चौकट आधीच खूण करून येत असे. एवढंच नाही, ती पट्टी लगेच न बसता सुमारे दहा मिनिटं थांबून बसायची, म्हणजे शंका आलेल्या माणसानं लगेच यादी पाहिली तर काही दिसू नये. २०१५ मध्ये आस्क गेलं आणि त्या जागी याहू आलं. २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीनं 'फायरबॉल' नावाचं प्रकरण उघड केलं. फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर ते शिरत होतं आणि ब्राउझरचं पहिलं पान आणि शोधाचं पान ताब्यात घेत होतं. जगभरातले २५ कोटी संगणक आणि त्यातले अडीच कोटींहून जास्त भारतातले, असा त्या कंपनीचा अंदाज होता. हा आकडा फुगवलेला आहे असं मायक्रोसॉफ्टनं म्हटलं. तरी भारताचं नाव यादीत सगळ्यात वर होतं.

हे का करतात? पैशासाठी. फुकट सॉफ्टवेअर देणाऱ्याला प्रत्येक संगणकामागे पैसे मिळतात. जोड बसवणारा आपलं शोधणं स्वतःच्या पानावरून वळवतो आणि जाहिरातींचे पैसे घेतो. आपण काय पाहतो, काय टाइप करतो ही माहितीही विकली जाते. फुकट म्हणून मिळालेल्या वस्तूची किंमत अशी वसूल होते.

पण यात बदलही झाले आणि ते लोकांनी ओरड केल्यामुळे झाले. नोव्हेंबर २०११ मध्ये फायरफॉक्सनं ठरवलं की बाहेरच्या सॉफ्टवेअरनं आणलेली जोड वापरणारीनं हो म्हणेपर्यंत बंदच राहील. फेब्रुवारी २०१३ पासून क्रोमनं विंडोजवर तसंच केलं. म्हणजे ब्राउझरवाल्यांनी दाराशी पहारा बसवला. मग घुसणाऱ्यांनी पॉलिसीची मागची खिडकी शोधली. आमच्याकडे झालं ते हेच. म्हणून एकदा कुलूप लावून झोपून जाण्यासारखं हे काम नाही.

कायदा काय म्हणतो? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ वं कलम सांगतं की मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात घातक काही घातलं किंवा त्यातली माहिती काढली, तर भरपाई मागता येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अशा तेरा रचना सांगितल्या आहेत. ग्राहकाच्या टोपलीत न विचारता वस्तू टाकणं ही त्यातली एक. आपल्या खताच्या बाटलीचीच ती बहीण. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्यातली संमतीची व्याख्या पाठ करून ठेवावी अशी आहे. संमती मुक्त हवी, ठरावीक कामापुरती हवी, माहिती देऊन घेतलेली हवी, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, आणि ती स्वतःच्या स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. ज्या सहजतेनं ती दिली तितक्याच सहजतेनं ती मागे घेता आली पाहिजे. आणि सूचना मराठीतून मागायचा हक्क आपल्याला आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायच्या असं ठरलं. कायदा कागदावरून गावात यायला किती काळ लागतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तोवर आपलं दार आपणच राखलं पाहिजे.

त्यासाठी काय करायचं ते लिहून घ्या.

एक. सॉफ्टवेअर हवं असेल तर ते ज्यांनी बनवलं त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या. शोधताना वर 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' लिहिलेलं असेल ते सोडून द्या. सगळ्यात मोठं बटण बहुतेक वेळा दुसऱ्याचंच असतं.

दोन. बसवताना घाई करू नका. 'एक्स्प्रेस' किंवा 'रेकमेंडेड' असं विचारलं तर 'कस्टम' निवडा. प्रत्येक चौकट वाचा, नको ती खूण काढा. 'डिक्लाइन' म्हणजे नको. ते बटण फिकट ठेवलेलं असतं, तरी ते चालतं.

तीन. संगणकावर रोजच्या कामासाठी साधं खातं ठेवा. सॉफ्टवेअर बसवायचे अधिकार असलेलं खातं वेगळं ठेवा आणि त्याचा पासवर्ड दोघींकडे असू द्या. साध्या खात्यातून संगणकाची मूळ रचना बदलायला निघालेलं सॉफ्टवेअर त्या पासवर्डाशी अडकतं. हा एक बदल सगळ्यात उपयोगी आहे.

चार. महिन्यातून एकदा, हिशेबाच्या बैठकीच्या दिवशीच, ब्राउझरमधली जोडींची यादी उघडा. प्रत्येकीपुढे तीन प्रश्न विचारा. ही कुणी आणली? कशासाठी? तिला काय काय वाचायची परवानगी आहे? उत्तर नसेल तर काढा.

पाच. 'तुमच्या संस्थेनं बसवली' असं दिसलं आणि तुम्ही बसवली नसेल, तर पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम लिहून दोन टिंबं, दोन तिरक्या रेघा आणि पुढे पॉलिसी असं टाइप करा. कोणते हुकूम तुमच्या नावानं चालू आहेत ते दिसेल. ते काढायला जाणकार माणूस बोलवा आणि ज्या सॉफ्टवेअरबरोबर ते आलं तेही काढून टाका. मग दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून ई-मेलचे आणि बँकेचे पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. ग्राहक म्हणून तक्रार असेल तर १९१५.

सहा. सेवा केंद्रात अर्ज भरताना. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी आपण कशा रांगा लावल्या ते आठवा. २०२५ मध्ये पुन्हा ई-केवायसी. आधार क्रमांक, बँकेचं खातं, ओटीपी, सगळं दुसऱ्याच्या खिडकीतून गेलं. तिथं पडदा दिसेल असं बसा. इनकॉग्निटो खिडकी उघडायला सांगा. ब्राउझरच्या जोडी तिथं आपोआप चालत नाहीत, मालकानं मुद्दाम परवानगी दिली तरच चालतात. ही पूर्ण हमी नाही, पण धोका कमी होतो. काम झालं की लॉग आउट करून घ्या. असं सांगितल्यावर चालक रागावला तर रागावू द्या.

आता शेवटची गोष्ट, आणि ती जास्त अवघड आहे.

आमच्या संगणकावरची जोड निघाली तेव्हा आम्ही तारखा काढल्या. ती किती दिवस बसलेली होती आणि त्या दिवसांत कुणाकुणाचे कागद उघडले होते? तीन बाया निघाल्या. त्यांना सांगायचं की नाही यावर आमच्यात वाद झाला. कुणी म्हणालं, उगाच घाबरतील. शेवटी आम्ही तिघींनाही भेटून सांगितलं. त्यातली एक नवऱ्यापासून लपून बहिणीकडे राहत होती. तिनं एकच विचारलं, "माझा पत्ता तं नाही गेला न जी?" मला छातीठोकपणे 'नाही' म्हणता आलं नाही. मी म्हटलं, जाहिरातीच्या धंद्याची जोड दिसते, तुझ्या नवऱ्यापर्यंत जाण्याची शक्यता कमी आहे, पण ती काय वाचत होती ते मला सांगता येत नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझं नाव संगणकात टाकलं हे तुम्ही मला तवा कुठं सांगितलं होतं?"

बायांनो, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपन्यांना आपण जो प्रश्न विचारतो तोच तिनं आम्हाला विचारला. आपण तिच्या कागदावर सही घेतली, पण हे कागद कुठं राहतील, कोण पाहील, हे सांगितलं नव्हतं. आपण बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये बाईचा नंबर विचारून टाकतो का? कार्यक्रमाचा फोटो वर पाठवताना तिला विचारतो का? तिच्या गप्प बसण्याला आपणही होकारच समजत आलो.

म्हणून आमच्या केंद्रानं दोन गोष्टी केल्या. सही घेण्याआधी मराठीत वाचून दाखवायचा अर्ध्या पानाचा मजकूर तयार केला: तुझी माहिती कुठं ठेवू, कुणाला देऊ, आणि नको म्हणालीस तरी मदत थांबणार नाही. आणि छळाच्या प्रकरणांचे कागद ब्राउझर न उघडता, वेगळ्या कुलूपबंद फोल्डरमध्ये टाइप करायला सुरुवात केली. त्या कार्यकर्तीची आम्ही माफीही मागितली. जोडींची यादी आता तीच तपासते आणि दुसऱ्या केंद्रांतल्या मुलींना शिकवते.

मेंढा-लेखा इथून दूर नाही. तिथल्या लोकांनी अभ्यास गट करून कायदा वाचला आणि सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही अशी रीत पाडली. जंगलाबद्दल हे जमलं तर संगणकाबद्दल का जमू नये? आज इथून उठण्याआधी प्रत्येक संघटनेनं आपल्या ठराव वहीत एक ओळ लिहावी अशी माझी विनंती आहे: आमच्या संगणकावर आम्हाला विचारल्याशिवाय काही बसणार नाही, आणि आमच्याकडे आलेल्या बाईला विचारल्याशिवाय तिची माहिती कुठं जाणार नाही. खाली सगळ्यांनी सह्या करा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आधी वाचून दाखवा, मग अंगठा घ्या.

मागच्या रांगेतल्या मावशींना हे आपल्या कामाचं वाटलं की नाही ते मी त्यांनाच विचारणार आहे. त्या गप्प राहिल्या तर मी तो होकार धरणार नाही.